सायकलला बसवायचं टू-स्ट्रोक इंजिन किट: इंजिन ठेवा, नटबोल्ट बदला

सरळ सांगतो, या किटमधलं इंजिन चांगलंय आणि त्याच्यासोबत येणारे नटबोल्ट भंगार आहेत. ज्याला हे नीट कळलं त्याची सायकल मस्त पळते, आणि ज्याने बॉक्समधून निघालं ते तसंच लावलं त्याचे नट रस्त्याने गळत जातात. नंतर तोच माणूस सगळ्यांना सांगत फिरतो की किट बोगस आहे. किट बोगस नाहीये, ते अर्धवट तयार आहे आणि उरलेलं काम आपल्यावर सोडलंय. ते काम करायची आवड असेल तर यासारखी मजा नाही.

आधी सीसीचं बघू. बॉक्सवर 80 सीसी छापलेलं असतं पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) 38 मिमी, हिशोब केला की 66 सीसी येतात. हीच गोष्ट कुठलाही विकणारा स्वतःहून सांगत नाही आणि त्याचा मला मनापासून राग येतो, कारण 66 सीसी सायकलला भरपूर आहेत, खोटं बोलायची गरजच नाही. याचा लहान भाऊ 48 सीसीचा, दिसायला सेम टू सेम, फक्त बोअर कमी. जड माणूस किंवा चढाचा रस्ता असेल तर मोठंच घ्या.

बॉक्समध्ये इंजिन, कार्बोरेटर, सायलेन्सर, छोटी टाकी, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा), क्लचची लिव्हर, थ्रॉटल ग्रिप, 44 दात्यांचं मागचं स्प्रॉकेट, चेन आणि चेन टेन्शनर असं सगळं येतं. सोबतच्या कागदाचा उपयोग शून्य, चित्रं धूसर आणि वाक्यं अर्धी.

सायकल कुठली घ्यायची हा प्रश्न सगळे विचारतात. स्टीलची, गोल पाइपची, त्रिकोणी फ्रेमची साधी सायकल घ्या. इंजिन त्या त्रिकोणात खालच्या कोपऱ्यात पुढच्या आणि सीटखालच्या पाइपला क्लॅम्प होतं, त्यामुळे पाइप जाड किंवा चपटे असले की क्लॅम्प बसत नाही आणि मग जुगाड सुरू होतात, ते करू नका. मागचं चाक 36 आऱ्यांचं असावं आणि आधी त्याचा आउट काढून घ्यावा, म्हणजे आरे आवळून ते सरळ फिरेल असं करावं. चाकच डुगडुगत असेल तर पुढचं काहीच सरळ बसणार नाही.

आता खरं काम, मागचं स्प्रॉकेट. ते हबला लागत नाही, थेट आऱ्यांना लागतं. आऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी एकेक रबराची चकती, आतून लोखंडी पट्ट्या, आणि नऊ बोल्टांनी ते सगळं सँडविच करून आवळायचं. स्प्रॉकेटचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं म्हणजे ते आपोआप मध्यावर येत नाही, आपल्याला आणावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. मी काय करतो ते सांगतो. बोल्ट नुसते हाताने टेकवायचे, सायकल उलटी करायची, चेनच्या बाजूच्या पाइपला एक पेन्सिल अशी बांधायची की तिचं टोक दात्यांच्या अगदी जवळ येईल, आणि चाक हळूहळू फिरवायचं. टोक आणि दाते यांच्यातली फट कुठे वाढते कुठे कमी होते ते बघायचं, एकदा वरखाली आणि एकदा डावीउजवीकडे. जिथे दाता पेन्सिलला घासतो तिथे स्प्रॉकेट जरा ढकलायचं, समोरासमोरचे बोल्ट पाव पाव फेरा आवळायचे, परत फिरवून बघायचं. कंटाळा येतो, पण फट सगळीकडे सारखी झाल्याशिवाय उठायचं नाही. स्प्रॉकेट मध्यावर नसेल तर चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते, मग सैल जागी चेन उतरते आणि ती उतरली की चाक जाम. बजेट असेल तर हे रबराचं प्रकरण सोडून हबला आवळायचा दोन भागांचा अडॅप्टर वेगळा मिळतो तो घ्या, आऱ्यांवरचा ताण जातो आणि स्प्रॉकेट मध्यावर राहतं.

दुसरी धोक्याची वस्तू म्हणजे चेन टेन्शनर. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपला क्लॅम्प केलेली एक पट्टी आणि तिच्यावर छोटी पुली, एवढंच. इंजिनच्या व्हायब्रेशनने हा क्लॅम्प सैल होतो, चेन त्याला ओढते, तो गोल फिरून सरळ आऱ्यांमध्ये घुसतो आणि सायकल जागच्या जागी थांबते, तुम्ही मात्र पुढे जाता. म्हणून माझं स्पष्ट मत असं की टेन्शनरवर चेन ताणायचीच नाही. चेनच्या कड्या मोजून कमी करा, मागचं चाक मागे ओढून ताण काढा, आणि टेन्शनर लावलाच तर फक्त चेनला हलका आधार म्हणून, क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी घालून आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज सैल न होणारा) टाकून. चेनच्या मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण 12 मिमी खेळ असला की बास.

नटबोल्ट. इंजिनचे माउंटिंग स्टड, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारे बिनडोक्याचे बोल्ट, मऊ लोखंडाचे असतात, जरा जास्त आवळले की आटे जातात नाहीतर स्टडच तुटतो आणि तुटलेला तुकडा ॲल्युमिनियममधून काढणं म्हणजे डोकेदुखी. बसवायच्या आधीच दोन नट एकमेकांवर आवळून स्टड बाहेर काढायचे, आणि 8.8 ग्रेडचे हायटेन्साइल स्टड, स्प्रिंग वायसर आणि थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) घालून नवीन बसवायचे. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं. खूप जण व्हायब्रेशन कमी होईल म्हणून इंजिन आणि फ्रेमच्या मध्ये रबर घालतात, मला ते पटत नाही, रबर आलं की इंजिन हलत राहतं आणि स्टड लवकर थकतो. लोखंडाला ॲल्युमिनियम घट्ट बसू द्या. सायलेन्सरचा वेगळा ब्रॅकेट फ्रेमला जरूर लावा, त्याचं वजन नुसत्या एक्झॉस्टच्या दोन स्टडवर लोंबकळत ठेवू नका.

वायरिंग फार सोपं. इंजिनमधून निळी, काळी आणि पांढरी वायर येते. निळी निळीला, काळी काळीला सीडीआयशी जोडायची, बंद करायचं बटण त्याच दोघींच्या मध्ये, पांढरी मात्र कशाला न जोडता टेप लावून बाजूला ठेवायची. सीडीआय इंजिनच्या गरमीपासून लांब. प्लग पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीचा टाका, मी एनजीकेचा बी6एचएस वापरतो आणि स्टार्टिंगमध्ये फरक लगेच कळतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळूनच टाकायचं, याला पर्याय नाही, कारण इंजिनच्या आत वंगणाची दुसरी काही सोयच नाही. नवीन इंजिनला 16:1 म्हणजे लिटरला साधारण 62 मिली, आणि इंजिन मोकळं झालं की 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली. सुरुवातीला फुल थ्रॉटल देऊ नका. अधूनमधून प्लग काढून रंग बघा, फिकट तपकिरी असेल तर छान, काळा तेलकट असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा दिसला तर लगेच थांबा, इंजिन लीन चाललंय, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. अशा वेळी लोक कार्बोरेटरच्या सुईची क्लिप खालीवर करत बसतात पण आधी मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीचं) गास्केट तपासा, बऱ्याचदा तिथूनच हवा खेचली जात असते. मला जे किट आलं त्यात ते गास्केट कागदासारखं पातळ होतं आणि टाकीचा कॉक ठिबकत होता, विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर नाही. शेवटी गास्केट शीटमधून कापलं आणि कॉक बदलला.

चालवायला कसं? क्लच दाबून पॅडल मारायचं, थोडा वेग आला की क्लच सोडायचा, इंजिन फट फट करत उचलतं आणि तुमचे पाय मोकळे. तो क्षण खरंच भारी आहे, आणि 1946 मध्ये सोइचिरो होंडा यांनी सैन्याच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची उरलेली इंजिनं सायकलींना लावून धंदा सुरू केला, तेव्हा लोकांनी ती का उचलली असतील ते असं उचललं गेल्यावर कळतं. वेगाचं म्हणाल तर इंजिनच्या आतला गिअर आणि बाहेरची स्प्रॉकेटं (इंजिनकडचं 10 दात्यांचं, मागचं 44 चं) मिळून इंजिनच्या साधारण 18 फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. म्हणजे 26 इंची चाकावर 5000 आरपीएमला ताशी 34-35 किमी. 36 दात्यांचं स्प्रॉकेट लावलं तर त्याच आरपीएमला 42 च्या आसपास जाते, पण चढावर दम कमी पडतो आणि सायकलच्या ब्रेकला तो वेग झेपत नाही. मी 44 वरच समाधानी आहे. पुढचा ब्रेक मात्र चांगला व्ही-ब्रेक किंवा डिस्क हवाच, साध्या पत्र्याच्या कॅलिपरवर ही गाडी चालवू नका, आणि हेल्मेटशिवाय तर अजिबातच नाही. आवाज मोठा आहे, धूर आहे, हँडलच्या व्हायब्रेशनने हात मुंग्या आल्यासारखे होतात. ज्याला शांतपणे कामावर जायचंय त्याने इलेक्ट्रिक किट बघावं. रस्त्यावर काढायच्या आधी तिथले नोंदणीचे आणि लायसन्सचे नियमही बघून घ्या, बऱ्याच देशांत अशी सायकल मोटार वाहनातच धरतात.

इंजिनला पाचात चार देईन, बाकी सामानाला दोन. ऑर्डर करताना गास्केटचा एक जादा सेट आणि एक जादा क्लच केबल त्याच पार्सलमध्ये मागवा, क्लच केबल टोकाला तुटते आणि ती तुटली की चालू इंजिन चाकापासून सोडवायला हातात काहीच राहत नाही, मग बंद करायचं बटणच काय ते. म्हणून पहिल्यांदा बाहेर काढायच्या आधी चाक हवेत ठेवून ते बटण चालतंय ना हे नक्की करा.