मेडिएव्हल २ मध्ये शत्रूची फौज पैसे देऊन फोडायची की सरळ भिडायचं?

मेडिएव्हल २ टोटल वॉर (२००६ चा, मध्ययुगीन युद्धांचा कॉम्प्युटर गेम) खेळायला घेतला की हा प्रश्न लवकरच पडतो. समोर फौज उभी आहे, आपला डिप्लोमॅट (बोलणी करणारा दूत) शेजारी आहे, खजिन्यात फ्लोरिन (गेममधलं चलन) आहेत, मग लढून माणसं कशाला घालवायची? मी दोन्ही करून बघितलंय. माझं मत सांगतो, लहान फौजेला पैसे द्या आणि मोठीला मैदानात गाठा.

इंग्लंड घेऊन खेळत होतो, सगळं चांगलं सैन्य समुद्रापलीकडे फ्रेंचांच्या मागे लागलेलं आणि इकडे नॉटिंगहॅमजवळ रिबेल म्हणजे बंडखोर उगवले, चार-पाच तुकड्या, रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या. अशी फौज तुमच्या मुलखात नुसती उभी राहिली तरी जमीन उजाड होते आणि कमाई घसरते. त्यांच्यासाठी सैन्य जहाजात भरून परत आणायचं म्हणजे कितीतरी टर्न (खेळातल्या पाळ्या) वाया, आणि तेवढ्यात फ्रेंच मोकळे सुटणार, म्हणून डिप्लोमॅट पाठवला, सौदा झाला आणि त्याच टर्नला रस्ता मोकळा. मला तो खर्च आजही पटतो.

पण ही सवय लागली की घात होतो. पैसे दिले म्हणजे फौज तुमच्याकडे येतेच असं नाही, बऱ्याचदा ती नुसती पांगते, म्हणजे खजिना रिकामा आणि हातात एक भालेदारसुद्धा नाही. त्यात शत्रूचं शहर जागेवरच असतं, तिथून तो नवी भरती करून परत येतो. खऱ्या इतिहासातही हेच झालं, इंग्लंडने ९९१ साली व्हायकिंगांना परत जावं म्हणून १०,००० पौंड दिले आणि १०१२ मध्ये तोच आकडा ४८,००० वर गेला.

लढाईत मात्र पैशाने न मिळणाऱ्या गोष्टी मिळतात. जनरल जिंकत गेला की त्याचे स्टार (सेनापती म्हणून दर्जा) वाढतात, तुकड्या अनुभवी होतात, कैदी हाती लागले तर खंडणी मागता येते, आणि कैदी सोडून दिले तर जनरलची शिव्हलरी (दिलदारपणाचा लौकिक) वाढते, मारले तर ड्रेड (दहशत). पूल मिळाला तर सोडूच नका! पुलाच्या तोंडाशी भालेदार, मागे तिरंदाज, शत्रू अरुंद वाटेत अडकतो आणि दुप्पट फौजसुद्धा मोडते. नुकसान होतं ते घोडदळाचं. चांगले नाइट्स मेले की ते पुन्हा भरायला योग्य बांधकाम असलेला किल्ला गाठावा लागतो आणि तिथेही लगेच मिळतील याची खात्री नाही.

पैसे द्यायच्या आधी समोरचा जनरल कोण आहे ते बघा. राजा आणि युवराज फुटत नाहीत, त्यांच्यामागे डिप्लोमॅट पळवू नका. ज्याची लॉयल्टी (निष्ठा) कमी तो लवकर फुटतो, आणि हे तुमच्या जनरललाही लागू आहे हे फार जण विसरतात. कमी लॉयल्टीचा माणूस मोठी फौज देऊन सीमेवर एकटा सोडू नका. डिप्लोमॅटही कच्चा नको, आधी लहान करारमदारांवर तयार होऊ दे.

दुसऱ्या गेममध्ये गणित थोडं बदलतं. हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ मध्ये समोरचे पैसे घेऊन सामील होतात पण मग लढाईचा अनुभव मिळत नाही. क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये मी सोनं भाडोत्री फौजेवर घालतो, करार तीन वर्षांचा असतो, त्यामुळे त्यांना घेतल्या घेतल्या वेढ्यावर नेतो. एज ऑफ एम्पायर्स २ चा मंक (धर्मगुरू) १०० सोन्यात येतो आणि शत्रूचा महागडा नाइट आपल्याकडे वळवतो, फक्त समोरच्याने हेरेसी संशोधन केलं असेल तर तो नाइट आपल्याकडे येण्याऐवजी जागेवरच मरतो.