गावच्या बातम्या कुठं टाकाव्यात: फेसबुक पेज, व्हॉट्सॲप चॅनेल की स्वतःची वेबसाइट?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला माझा भाचा गावाचं फेसबुक पेज चालवतो. पेपरात आलेल्या बातम्यांच्या लिंक, बसच्या वेळा, शाळेच्या सूचना असं सगळं त्यावर असतं. परवा त्यानं विचारलं, "मामा, पेजच वाढवू, चॅनेल काढू, की वेबसाइटच करू?" आपल्या सीमाभागात हाच प्रश्न पडलेली बरीच पोरं असतील, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथं मांडतो.

आधी कॅनडाचं सांगतो, कारण माझं मत तिथूनच बनलं. २२ जून २०२३ ला तिथं ऑनलाइन न्यूज ॲक्ट मंजूर झाला. बातम्यांच्या लिंक दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा, हा त्याचा गाभा. गूगलनं बरीच घासाघीस करून वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. फेसबुकची मालक कंपनी मेटानं मात्र १ ऑगस्टपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच बंद करायला घेतलं. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफपर्यंत वणवा आला आणि सुमारे २० हजार लोकांना शहर सोडायला सांगितलं गेलं. आग कुठवर आली, कुठला रस्ता चालू आहे, याच्या बातमीची लिंक फेसबुकवर शेजाऱ्याला दाखवता येईना. लोक स्क्रीनशॉट काढून टाकू लागले. केबिन रेडिओ या तिथल्या वृत्तसंस्थेच्या वेबसाइटची ज्यांना सवय होती, त्यांनी सरळ ती उघडली.

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकनं हेच केलं होतं. तिथं साधारण आठवडाभरात तडजोड झाली, पण तेवढ्यात हवामान खात्याचं आणि आरोग्य खात्यांची पेजही कोरी झाली होती.

भारतात असा मोबदल्याचा कायदा अजून नाही. पण उद्या दिल्लीत तसा कायदा झाला आणि कंपनीनं कॅनडासारखं उत्तर दिलं, तर आपलं काय होईल? कॅनडातली बंदी देशाची हद्द पाहून लागली. म्हणजे बेळगावच्या पेपरची लिंक अडली तर कोल्हापूरच्या पेपरची चालेल, ही आशा नको. दोन्ही एकाच दिवशी अडतील. कॅनडात सरकारी पेज चालू राहिली, त्यामुळं सूचना तरी मिळत होत्या. आपल्याकडं तालुका कचेरीची सूचना कन्नडमध्ये येते. आमच्या आईला ती कळते ती दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात आल्यावर. आपल्यासाठी बातमी हाच सरकारी सूचनेचा अनुवाद आहे. ती अडली की रेशनकार्डाच्या मुदतीपासून धरणाच्या विसर्गापर्यंत सगळंच अडतं.

आता तिन्ही पर्याय.

फेसबुक पेजचा फायदा खरा आहे. पुण्या-मुंबईला गेलेली गावची माणसं तिथं भेटतात, जत्रेचे फोटो पाहतात, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी देतात. पण कुठली पोस्ट कुणाला दिसणार हे कंपनी ठरवते आणि बाहेरच्या लिंकवर पहिला घाव तिथंच बसतो. भाच्याकडं त्या माणसांपैकी कुणाचा नंबर नाही. पेज गेलं तर माणसंही गेली.

व्हॉट्सॲप चॅनेल आपल्याकडं सप्टेंबर २०२३ पासून आहे. ग्रुपात १,०२४ जणच मावतात, चॅनेलला तशी अडचण नाही, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, हे गावातल्या बायकांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं. कॅनडातल्या बंदीत व्हॉट्सॲप नव्हतं. तरी व्हॉट्सॲपची मालक मेटाच आहे, हे विसरू नये. दुसरं, ग्रुपात खोटी बातमी पसरते तेव्हा ती कुणी आणि कधी टाकली हे शोधायला फार वेळ जातो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात धरणाच्या पाण्याचा एकच व्हिडिओ मला दिवसभरात पाच ठिकाणांहून आला, आणि तो कुठल्या धरणाचा हे एकालाही सांगता आलं नाही. चॅनेलवर निदान टाकणारे ठरलेले असतात, जबाबदारीही त्यांचीच.

स्वतःच्या वेबसाइटला वर्षाला काही हजार रुपये आणि रोजची मेहनत लागते. सुरुवातीला कुणी फिरकत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण पत्ता आपला राहतो. दोन वर्षांपूर्वीची सूचना शोधली की सापडते, आणि कुणाचं कुणाशी भांडण झालं तरी ती तिथंच असते. चित्रं कमी आणि मजकूर जास्त ठेवला, तर जांबोटी-कणकुंबीकडं रेंजचा एकच दांडा असला तरी पान उघडतं. व्हिडिओनं सजवलेली साइट त्या भागात कुणाच्याच कामाची नाही.

चौथा पर्याय त्यानं विचारलाच नव्हता, तो म्हणजे छापील पेपर. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाला सकाळी पेपर उघडायची सवय आहे. घाटात झाड पडलं की गाडी उशिरा येते, पण कुठल्या कंपनीचा नियम बदलला म्हणून पेपर थांबत नाही. ई-पेपरची पीडीएफ ग्रुपवर फुकट फिरवणं मात्र बंद करायला हवं. खानापूरच्या पानासाठी बातमीदार पाठवायला पैसे लागतात, ते वाचकाकडून नाही आले तर कुठून येणार?

मी भाच्याला असा निर्णय दिला: मजकूर आधी वेबसाइटवर टाक, मग चॅनेलवर दोन ओळी आणि लिंक. फेसबुक जत्रेच्या आणि सत्काराच्या फोटोंसाठी ठेव. पेपरातली बातमी उचलून टाकू नकोस, दोन वाक्यांत सांग आणि त्या पेपरच्या साइटवर पाठव. तालुक्याची कन्नड सूचना आली की त्याच दिवशी मराठीत करून टाक, कारण ते काम दुसरं कुणी करणार नाही. आणि गावच्या वाचनालयात दोन पेपर चालू राहतील एवढी वर्गणी मंडळानं आधी बाजूला काढावी.

गणपतीला सगळी घरी येतात. तेव्हा तो घरोघरी जाऊन प्रत्येकाच्या फोनवर वेबसाइटचं चिन्ह होम स्क्रीनवर लावून देणार आहे. आईच्या फोनवर त्यानं कालच लावलं.