ट्रेस लॅब्जची 'सर्च पार्टी': हरवलेल्यांसाठी एक रात्र जागावी का?

ट्रेस लॅब्ज ही कॅनडातली ना-नफा संस्था. पोलिसांनी लोकांकडे जाहीर मदत मागितलेली खरीखुरी प्रकरणं ती ऑनलाइन स्पर्धेत देते. जास्तीत जास्त चार जणांच्या टीमनं ठरलेल्या काही तासांत इंटरनेटवर उघड असलेलं शोधायचं. जमलेला माल शेवटी पोलिसांकडे जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचे १२ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे जागरण धरूनच चालायचं.

एक नियम मात्र पाळायलाच हवा: फक्त बघायचं, हात लावायचा नाही. फ्रेंड रिक्वेस्ट, मेसेज, नातेवाइकांना फोन, सगळं बंद. 'पासवर्ड विसरलात?' दाबून नंबराचे शेवटचे दोन आकडे बघायची सवय असेल तर ती घरी ठेवा, कारण त्या बटणामुळे समोरच्याला ओटीपी किंवा मेल जाऊ शकतो. घोटाळे होतात ते नकळत. इन्स्टाग्रामवर स्टोरी उघडली की बघणाऱ्यांच्या यादीत तुमचं हँडल दिसतं, आणि जुना फोटो झूम करताना बोट दोनदा लागलं की लाइक पडतो. लिंक्डइनवर आधी प्रायव्हेट मोड लावा. स्पर्धेसाठीची वेगळी खाती काही आठवडे आधी काढून ठेवावीत. व्हीपीएनवरून त्याच रात्री काढलेलं खातं पहिल्या तासातच लॉक होण्याची शक्यता दांडगी. (अशी खाती बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या अटींत बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.)

गुणांची उतरंड शहाणपणाची आहे. मित्र, नोकरी, कुटुंब यांना थोडे गुण. शेवटचं दिसलं त्या दिवसाच्या माहितीला बरेच जास्त, आणि सध्याच्या ठावठिकाण्याला सर्वांत जास्त. पोलिसांच्या नोटिशीत किंवा बातमीत आधीच असलेलं चालत नाही. प्रत्येक शोध, म्हणजे 'फ्लॅग', लिंक, स्क्रीनशॉट आणि 'याचा उपयोग काय' या टिपणासह द्यायचा. 'ही तिची मैत्रीण' एवढंच लिहिलं तर जज परत पाठवणार. याउलट 'जॅकेट नोटिशीतल्या वर्णनाशी जुळतं, पोस्ट बेपत्ता झाल्यानंतर तीन दिवसांची, मागच्या दुकानाच्या पाटीवरून चौक ओळखला' असं टिपण पोलिसालाही कामाचं. फक्त पोस्टची तारीख म्हणजे फोटो काढल्याची तारीख नव्हे. सोशल मीडियावर चढवताना फोटोतली मूळ वेळ-ठिकाणाची नोंद बहुधा पुसली जाते. सावली, झाडांची पानगळ, दुकानातली सणाची सजावट यांवरून ताळा करावा लागतो.

संस्थेचं मोफत ओसिंट व्हीएम (उघड माहिती शोधायची साधनं असलेला, आपल्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) काली लिनक्सवर बांधलेलं आहे. त्याला निदान ४ जीबी रॅम द्या, नाहीतर ब्राउझर रांगतो. खरं तर दोन ब्राउझर प्रोफाइल आणि एक सामायिक शीट असली तरी भागतं. 'शेरलॉक' हा प्रोग्रॅम एका यूजरनेमवरून शेकडो साइट्स चाळतं, पण खाते नसतानाही 'पान सापडलं' असंच उत्तर देणाऱ्या साइट्समुळे खोट्या नोंदी बऱ्याच येतात. प्रत्येक लिंक उघडून बघितल्याशिवाय फ्लॅग टाकू नका, नाहीतर नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचं नाव पोलिसांपर्यंत जाईल.

मराठी टीम अडते ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. बरीच प्रकरणं उत्तर अमेरिकेतली असतात, आणि तिथं माहिती कुठं सांडलेली असते हे आपल्याला ठाऊक नसतं. तिथल्या मृत्युलेखांत मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावं गावासकट छापतात. आजीचा एक मृत्युलेख मिळाला की अख्खी वंशावळ हाती येते. व्हेन्मो या पैसे पाठवण्याच्या अॅपवर सेटिंग बदललं नसेल तर कुणी कुणाला कशासाठी पैसे दिले हे उघड दिसतं. आपल्या यूपीआयच्या सवयीनं हे सुचतच नाही. दोघांनी सोशल मीडिया, एकानं अशा नोंदी आणि चौथ्यानं फक्त टिपणं लिहिणं, ही वाटणी सगळ्यात बरी चालते.

उणीव एकच, पण बोचणारी: तुमच्या फ्लॅगचं पोलिसांनी पुढे काय केलं हे सहसा कळत नाही. निकालपत्रकात फक्त गुण.

घरचं माणूस हरवलं असेल तर या स्पर्धेची वाट बघत बसू नका. थेट पोलीस ठाण्यात जा, मूल असेल तर १०९८ लावा. तक्रारीसाठी चोवीस तास थांबायची गरज नाही.