टक्क्यांच्या तपासणीवर संशोधन: नाव द्यावं, थांबावं की नाही म्हणावं?

अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या तपासणीवर अभ्यास करायचाय, तुमचा अनुभव सांगाल का, असं कुणी विचारलं की सोलापुरात बहुधा दोनच उत्तरं ऐकू येतात. "त्यानं माझे टक्के वाढणार का?" नाहीतर, "नको बाबा, आहे तेही जायचं." घाई दोन्हींत आहे, पण कारण दोन्हींना आहे. चाळीसच्या अलीकडे आणि पलीकडे काय फरक पडतो हे दिव्यांग माणूस घरात असलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. चाळीस असले तर संजय गांधी निराधार योजनेचा पगार, म्हणजे दरमहा मिळणारं सरकारी अर्थसाहाय्य, एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण. सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं हा पगार दिव्यांगांसाठी दीड हजाराचा अडीच हजार झाला. एकोणचाळीस असले तर हातात कागद येतो, पण त्या कागदावर यातलं काही मिळत नाही.

अर्ज भरायला, कागद जुळवायला मदत मागणारे लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्नही येतो. माझं उत्तर सगळ्यांना सारखं नसतं. ते अवलंबून असतं माणसाची फाइल आज कुठे आहे त्यावर.

फाइल कुठे आहे?

कायमचं प्रमाणपत्र हातात आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) घरी आलंय, पगार खात्यात पडतोय, अशा माणसाला संशोधनात भाग घेण्यात धोका सगळ्यात कमी. वेळ जाईल, नको त्या आठवणी निघतील, एवढंच. तो मोकळेपणानं बोलूही शकतो, कारण त्याला उद्या कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं नसतं.

ज्याचा अर्ज पोर्टलवर पडून आहे, किंवा ज्याचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असून पुन्हा बोर्डासमोर, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, जायचंय, त्यानं माझ्या मते थांबावं. संशोधक टक्के बिघडवेल म्हणून नव्हे. सिव्हिलच्या रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या माणसापुढे कुणी सहीचा कागद धरला की तो नाही म्हणूच शकत नाही. एक्स-रेची चिठ्ठी, केसपेपर, आधारची झेरॉक्स आणि संशोधनाचा संमतिपत्राचा कागद, सगळे एकाच गठ्ठ्यात येतात. नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण सही तिच्यामुळेच होते. अशा वेळी साधं वाक्य पुरतं: "माझं काम झालं की मग सांगतो, तुमचा नंबर द्या." खरा अभ्यास करणारा नंबर देतो.

तिसरी अवस्था सगळ्यात अवघड. टक्के कमी आले, मनासारखे नाहीत. सांगण्यासारखं सगळ्यात जास्त यांच्याकडेच असतं आणि संशोधनाकडून चुकीची आशाही हेच धरतात. त्यांना मी आधी हिशोब तपासायला सांगतो. पायाचे ३० आणि कानाचे २० असतील तर ५० होत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतलं सूत्र वेगळं आहे: मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलं त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि आलेलं मोठ्या आकड्यात मिळवायचं. तीस आणि वीसचे मिळून ४३ च्या आसपास होतात. म्हणजे ५० का नाही म्हणून भांडण्यात अर्थ नाही, पण कानाची तपासणी झालीच नसेल तर त्यासाठी भांडण्यात नक्की आहे. ते भांडण अपिलात करायचं असतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपिलाची सोय आहे. आपल्या तपासणीचे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. संशोधकाच्या वहीत लिहिलेली तक्रार यांपैकी कुठेही पोचत नाही, आणि ती पोचेल अशा भरवशावर अपिलाचा वेळ घालवू नये.

कशा प्रकारे भाग घ्यायचा?

"संशोधनात भाग घ्या" या एका वाक्यात चार वेगवेगळी कामं असू शकतात.

प्रश्नावली सगळ्यात सोपी. मोबाईलवर खुणा करायच्या, झालं. नाव न देता भरता येत असेल तर फाइल कुठल्याही टप्प्यावर असली तरी भरायला हरकत नाही. आधार क्रमांक किंवा यूडीआयडी क्रमांक मागितला तर मात्र कशासाठी ते विचारा. तपासणीचा अनुभव विचारायला तो लागत नाही. तिची मर्यादाही उघड आहे. 'समाधानी', 'काहीसे समाधानी', 'असमाधानी' या तीन चौकोनांत सोलापूरच्या माणसाचं दुखणं बसत नाही.

ते बसतं मुलाखतीत, आणि माझा कौल मुलाखतीलाच आहे. उदाहरण विडी कामगार बाईचं घ्या. तिच्या अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा सांधा आखडलाय. बोर्डावर सांधा किती अंशात वळतो ते मोजतात, मुठीची ताकद बघतात आणि आकडा काढतात. हाताच्या इतर हालचाली ठीक असतात, त्यामुळे आकडा छोटा येतो. पण तिचा सगळा रोजगार त्या दोन बोटांत आहे: पान कापायचं, तंबाखू भरून गुंडाळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विडीमागे मिळते. बोटं थांबली की हजार होत नाहीत, आणि हे प्रमाणपत्राच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. यंत्रमागावर हयात घालवलेल्या माणसाच्या कानाचंही तेच. कायद्याच्या परिशिष्टात ऐकू कमी येण्याची व्याख्या आहे: दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारतेवर, ६० ते ७० डेसिबल इतकी घट. गोंगाटानं होणारं नुकसान आधी वरच्या पट्टीत सुरू होतं. त्यामुळे शांत खोलीत त्याला बऱ्यापैकी ऐकू येतं, आणि घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की काहीच कळत नाही. हे सविस्तर सांगायला तासभर समोर बसणारा माणूस लागतो, खुणा करायचा फॉर्म नाही.

मुलाखत कुठे होणार ते मात्र तुम्ही ठरवा. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, शेजारीण आणि पोरं ऐकत असताना तपासणीत कपडे काढायला लावले तेव्हा काय वाटलं हे कुणी सांगणार नाही. घरचा माणूस तुमच्या वतीनं उत्तरं देत असेल तर संशोधकानं त्याला थांबवायला हवं. थांबवलं नाही तर तुम्हीच थांबवा. नको तो प्रश्न सोडून द्यायचा आणि मध्येच उठायचा हक्क तुमचा आहे, कारण द्यावं लागत नाही.

गटचर्चेबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आयांना एकत्र बसवलं की पहिल्या अर्ध्या तासातच कुणाला कुठे बोलावलं, कोणता कागद लागला, ही सगळी माहिती वाटली जाते. संशोधकाला काय मिळायचं ते मिळो, त्या बायका काहीतरी घेऊन उठतात. पण संशोधकानं गुप्ततेचं वचन दिलं तरी शेजारी बसलेली बाई ते पाळेल याची हमी कोण देणार? कुंभारीच्या विडी घरकुलात दुपारी बोललेलं संध्याकाळी नळावर पोचतं. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र असेल तर गटात बसू नका, सरळ एकट्यानं मुलाखत द्या.

चौथा प्रकार म्हणजे तपासणी चालू असताना संशोधक खोलीत हजर. अभ्यासाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं हेच, कारण डॉक्टर काय विचारतात, किती वेळ देतात, नजर पेशंटकडे असते की कागदाकडे, हे नंतर आठवून नीट सांगता येत नाही. पण तुमच्या दृष्टीनं सगळ्यात महाग तेच पडतं. तिथे तुम्ही उमेदवार असता, निकाल लागायचा असतो. तिसरं माणूस आहे म्हणून डॉक्टर जास्त सौजन्यानं वागले तर तुमचा फायदा, अभ्यासाचा तोटा. तुम्हीच अवघडून चार गोष्टी सांगायच्या विसरलात तर तोटा फक्त तुमचा. बाहेरच्या रांगेत सोबत राहायला हो आणि खोलीत यायला नाही, अशी अर्धी संमतीही देता येते. हे लोकांना माहीत नसतं.

विचारणारा कोण?

वैद्यकीय महाविद्यालयाचा पदव्युत्तर विद्यार्थी असेल तर त्याला प्रबंध द्यायचाच असतो. तिथल्या कामकाजाची त्याला आतून ओळख असते, आणि त्यानं काढलेली गोष्ट त्याच विभागात लगेच बदलली जाण्याचीही शक्यता असते. पण तोच किंवा त्याचे सर बोर्डावर बसत असतील, तर ज्यानं टक्के दिले त्यालाच "टक्के चुकीचे दिलेत" हे कसं सांगणार? म्हणून पहिला प्रश्न हाच: तुम्ही किंवा तुमचे मार्गदर्शक बोर्डावर आहात का?

विद्यापीठाचे किंवा बाहेरगावचे संशोधक या बाबतीत मोकळे. त्यांचा दोष असा की काम झालं की ते पुन्हा दिसत नाहीत. स्वयंसेवी संस्थेची माणसं ओळखीची असतात, प्रेमानं बोलतात आणि अहवालात फोटो छापतात. फोटोची परवानगी वेगळी मागायला लावा, आणि नकोसा वाटला तर तेवढाच नाकारा.

आणि कुणी "फॉर्म भरा, टक्के वाढवून देतो" म्हणाला तर तो एजंट आहे, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणं रीतीला धरून आहे, टक्क्यांचं आमिष नाही.

कागदात काय बघायचं

या मुद्द्यावर कायदा आपल्या बाजूला जितका आहे तितकं कुणी सांगत नाही. २०१६ च्या कायद्यातलं कलम ६ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा माध्यमातून मोकळी संमती हवी, आणि शासनानं नेमलेल्या संशोधन समितीची आधी परवानगी हवी. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थेचे हवेत. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी आणि माहितीपत्रक लागतं. ते तुमच्या हातात राहायला हवं, नुसतं दाखवून परत घेणं चालत नाही. त्यावर मुख्य संशोधकाचा आणि समितीचा संपर्क असतो. नसला तर सही करू नका. आवाज रेकॉर्ड करायला वेगळं विचारलं पाहिजे. अंगठा द्यायचा असेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा.

"समजेल अशा माध्यमातून" हे सोलापुरात जास्तच लागू. साखर पेठेत, अशोक चौकाच्या बाजूला घरात तेलुगू चालते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात उर्दूही. छापील मराठीतलं संमतिपत्र वाचून दाखवलं आणि आजीनं मान हलवली, ही संमती नव्हे. तिच्या भाषेत विचारा आणि तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून ऐका. कर्णबधिर माणसासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी आणणं हे संशोधकाचं काम आहे, घरच्या पोराचं नाही.

फेरतपासणीची भीती

२०२४ मध्ये एका परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण राज्यभर गाजलं, तेव्हापासून प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा विषय खाली झिरपत आलाय. खोटं प्रमाणपत्र दाखवून लाभ घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे ज्याचं सगळं खरं आहे तोही टरकतो. "बरं वाटतं त्या दिवशी मी काठी घेत नाही," असं मुलाखतीत सांगितलं आणि ते भलतीकडे गेलं तर?

संशोधक म्हणजे बोर्ड नाही, तुमचे टक्के काढून घ्यायचा अधिकार त्याला नाही. पण तो वकीलही नाही. न्यायालयानं मागितलेली माहिती तो दाबून ठेवेलच असं धरू नये. म्हणून संमतिपत्रातलं एक वाक्य नीट वाचा: माहिती कुणाला दिली जाणार? नावागावासकट "संबंधित शासकीय विभागाला" असं लिहिलेलं असेल तर मी नाही म्हणेन. नाव काढून, संकेतांक देऊन माहिती ठेवणार असतील तर हो. प्रमाणपत्राची प्रत द्यायची गरज सहसा नसते, तोंडी सांगितलेलं पुरतं.

बदल्यात तुम्हाला स्वतःला जवळपास काहीच मिळत नाही, हे मान्य करूनच बसावं. पण मूल्यमापनाच्या सूचना दगडावरच्या रेघा नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या सूचनांच्या जागी मार्च २०२४ मध्ये नव्या आल्या. पुढच्या वेळी त्या बदलताना विडीच्या बोटांचा आणि मागावरच्या कानांचा विचार व्हायचा असेल, तर तो कुठेतरी नीट लिहिलेला असावा लागेल. ज्यांची फाइल बंद झाली आहे त्यांनी तरी बोलावं, असं मला वाटतं ते यासाठी.

सही करण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. अभ्यास संपल्यावर त्याचा सारांश मराठीत किंवा तुमच्या भाषेत कुठे मिळणार, आणि सांगितलेलं मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती. ती तारीख उलटली आणि लेख छापून आला की त्यातून तुमचं बोलणं कुणालाच बाहेर काढता येत नाही.