लाव्ह्यांचा पहिला कळप: अंडी, पिल्लं की महिन्याचे पक्षी?

२० माद्या आणि ७ नर, म्हणजे साधारण ३ माद्यांमागे १ नर. एवढ्यावर जपानी लाव्ह्यांचा, म्हणजे बाजारातल्या बटेरांचा, पैदाशीचा छोटा कळप उभा राहतो. शहापूर, मुरबाड, बदलापूरकडे घरामागे शेड टाकणाऱ्यांना खरा प्रश्न पडतो तो कोणत्या वयाचे पक्षी आणायचे हा.

उबवणीची अंडी सगळ्यांत स्वस्त. पण जपानी लाव्ही खुडूक बसत नाही, त्यामुळे आधी उबवणी यंत्र हवं आणि त्याला १७-१८ दिवस अखंड वीज. गावाकडे पावसात गेलेली वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून इन्व्हर्टरचा खर्चही यातच धरा. अंड्याचं कवच नाजूक, रस्त्याचे धक्के त्याला सोसत नाहीत. आठवड्यापेक्षा शिळी अंडी घेऊच नका. आणि ५० अंड्यांतून ३० पिल्लं निघाली, तरी त्यांतले निम्मे नरच असणार.

एक दिवसाचं पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं. पहिला आठवडा त्याला ३५ ते ३७ अंश ऊब लागते, आणि पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकल्या नाहीत तर ते त्यातच बुडून मरतं. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, सांभाळायची सवय असलेल्यांनी पिल्लं जरूर घ्यावीत. नवख्याने नको.

माझी पसंती ४ आठवड्यांच्या तपकिरी पक्ष्यांना. या वयात नर-मादी डोळ्यांनी ओळखता येतात: नराची छाती तांबूस आणि एकसारखी, मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके. हवे तेवढेच नर निवडून घेता येतात, नाजूक दिवस विकणाऱ्याकडे पार पडलेले असतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात माद्या अंड्यावर येतात, तोवर त्यांना तुमच्या शेडची सवय झालेली असते. पांढऱ्या जातीत ही सोय नाही. तिथे नराची शेपटीखालची ग्रंथी फुगून दाबल्यावर पांढरा फेस येईपर्यंत, म्हणजे सहाव्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या वाणांपैकी ‘कारी श्वेता’ पांढरी आहे. मांसासाठी ‘कारी उत्तम’ आणि अंड्यांसाठी ‘कारी पर्ल’.

अंड्यावर आलेल्या माद्या पाहून मोह होतो, पण त्यांचं नेमकं वय कळत नाही. प्रवासाच्या ताणाने अंडी काही दिवस थांबतात, आणि सहा-सात महिन्यांनंतर फलित अंड्यांचं प्रमाण उतरू लागतं. नुसती खायला अंडी हवी असतील तर ठीक. पैदाशीसाठी मी त्या घेणार नाही.

वयाइतकंच महत्त्वाचं आहे ते रक्त. सगळे पक्षी एकाच ठिकाणाहून घेतले की बहुतेक भावंडंच पदरात पडतात. लाव्ह्यांना जवळच्या नात्यातला संकर कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त बाधतो. दोन-तीन पिढ्यांतच अंडी फलित होणं, पिल्लं निघणं आणि जगणं झपाट्याने घसरतं. म्हणून माद्या एकीकडून घ्या, नर दुसरीकडून. कोणता पक्षी कुठला ते कळावं म्हणून पायात रंगीत रिंगा घाला आणि पुढेही अधूनमधून बाहेरचा नर आणत राहा.

दोन ठिकाणचे पक्षी म्हणजे रोगाचा धोकाही वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. दोन्ही खेपा एकाच दिवशी आणा, २ आठवडे वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा, खाद्य-पाण्याची भांडीही वेगळी ठेवा. सहाव्या आठवड्यात दोघांनाही नव्या पिंजऱ्यात एकत्र सोडा. त्याहून उशीर केला तर नर नवख्यांना टोचून रक्तबंबाळ करतात.

रानातून पकडलेले लावे कोणी आणून दिले तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पाळीव पक्ष्यांचं बिल मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

वाशी-ऐरोलीच्या सोसायटीत राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: पैदाशीसाठी नर हवेतच, आणि नराची कर्कश हाक रात्रीही ऐकू येते. बाल्कनीत हा उद्योग शेजाऱ्यांना त्रासाचा होईल.

आणायची वेळ दिवाळीनंतरची. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत खाद्याला बुरशी धरते आणि विष्ठेच्या अमोनियाने पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, तेव्हा बल्ब लावून उजेड १४ ते १६ तासांवर न्या, नाहीतर माद्या अंड्यावर यायला उशीर होतो.