दहा दिव्यांचा डबा : डायरेक्शन फाइंडरच्या नावाखाली ३२,७०० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो. बुकिंगचे २,०००, मग ९,५००, मग ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून ४,८५०. एका डॉप्लर डायरेक्शन फाइंडरचे, म्हणजे रेडिओ सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते दाखवणाऱ्या डब्याचे, १६,३५० रुपये झाले. माझ्या शब्दावर विसंबून खानापूरच्या मित्रानेही तेवढेच भरले. एकूण ३२,७००.

पैसे कसे काढून घेतात ते तुम्हाला माहीत आहेच. शेवटची दोनच कीट उरलीत, हा दर आज रात्रीपुरता, आणि पावती मागितली की “सर, आपण हॅम लोक, हौशी रेडिओवाले, आपल्यात पावती कसली?” पण मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. विकणारा माणूस कागलकडचा, बोली आपलीच. त्याने दिलेली कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळणारी हॅमची ओळख) लायसन्सवाल्यांच्या यादीत पाहिली, खरी निघाली. २०१९ च्या महापुरात सेट घेऊन पंचगंगेकाठी होतो म्हणाला. कॉलसाइन भलत्याच एका वयस्कर गृहस्थांची होती, हे फार उशिरा कळलं. त्या कॉलसाइनवाल्याशी प्रत्यक्ष हवेत बोलणं झाल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

मला रात्री झोपू देत नाही तो त्याचा व्हिडिओ. दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. गाडीच्या टपावर चार अँटेना, बॉनेटवर डबा, डब्यावर गोलाकार दिवे, शेजारी हँडसेट, म्हणजे हातात धरायचा रेडिओ. लांब उभा असलेला माणूस त्याच्या सेटचं पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो, दिवा फिरत येऊन बरोबर त्याच्याकडे थांबतो. थांबतो तेव्हा विकणाऱ्याचा अंगठा डब्याच्या नॉबवर असतो. डॉप्लरला कॅलिब्रेशनचा, म्हणजे दिशा जुळवून घ्यायचा, नॉब असतोच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण हँडसेटमधून डब्यात एकही वायर गेलेली नव्हती! चार अँटेना एकामागून एक चालू होतात, जणू एकच अँटेना गोल फिरतेय. त्यामुळे एफएम रिसीव्हरच्या, म्हणजे इथे त्या हँडसेटच्या, आवाजात एक सूर उमटतो आणि त्या सुराची फेज (तो किती पुढे-मागे सरकलाय ते) मोजून दिशा कळते. रिसीव्हरचा आवाज डब्यात गेलाच नाही तर डबा मोजणार काय? हेच मी नव्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवलंय. आणि दिवे दहा. अशा डब्यांवर बहुधा सोळा दिवे असतात. मी ते मोजले होते, आणि ‘नवीन डिझाइन असेल’ म्हणून पुढचा हप्ता पाठवला.

पाच आठवड्यांनी डबे आले. एक घेऊन राजहंसगडावर गेलो. मित्र खाली येळ्ळूरच्या बाजूला १४५ मेगाहर्ट्झवर कॅरियर (न बोलता नुसता सिग्नल) देत उभा. दिवा फिरत होता. चारही अँटेनांच्या वायरी उपटल्या, तरी फिरत होता. घरी येऊन आतलं काळं एपॉक्सी तापवून खरवडलं. आत एक ५५५ (ठोके देणारी चिप) आणि एक ४०१७ (प्रत्येक ठोक्याला पुढचा दिवा लावणारी चिप), बाकी काही नाही. ४०१७ ला आउटपुट दहाच, म्हणून दिवे दहा. अँटेनाचे चारही सॉकेट आतून कशालाच जोडलेले नव्हते. मित्र शेजारी बसून बघत होता. काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विकणारा खरा असेल तर व्हिडिओ कॉलवर अँटेना उपटून दाखवेल. तेवढं आधी करायला लावा.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पण पाच आठवड्यांनंतर खात्यात गोठवायला काय राहतं? संशय येईल त्याच तासाला १९३० लावा, माल यायची वाट बघू नका. इथे बेळगावच्या ठाण्यात म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. एक दिवस मोडून तिकडे गेलो, तर तिथले म्हणाले, पैसे बेळगावातून गेलेत, तिकडेच जा! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची. त्याची प्रत नेली होती, कुणी हातात धरली नाही. अर्ज मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा. १५० रुपये देऊन टाइप करून आणला, तर साहेब नाहीत. साहेब भेटले तर म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहक न्यायालयात जा. आणि वर मलाच विचारलं, दिशा शोधायचं यंत्र तुम्हाला कशाला हवं? मी लायसन्स दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून असं पाहिलं, की चोर मीच. १९५६ पासून आम्ही दोन राज्यांच्या मध्ये लोंबकळतोय, आता चोरीची तक्रारही तशीच लोंबकळणार का?

ज्यांना खरंच फॉक्स हंटिंग (लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ) करायचंय त्यांनी पीव्हीसी पाइप आणि पोलादी मेजरटेपची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेचा सिग्नल जास्त पकडणारी अँटेना, बनवावी. मागची पट्टी साधारण १०५ सेंटिमीटर, पुढची ८९, मधले दोन तुकडे ४५-४५ चे. मला ४६० रुपये लागले. ट्रान्समीटरच्या जवळ गेल्यावर सगळ्याच दिशांनी सिग्नल पूर्ण दिसतो, तेव्हा सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावा, नाहीतर सेट छातीशी धरून स्वतःभोवती फिरा आणि सिग्नल सगळ्यात कमी होईल तेव्हा तुमची पाठ ट्रान्समीटरकडे आहे असं समजा. हे मला येत होतं. तयार डब्याची हाव आवरली नाही.

मित्राचे १६,३५० मी दोन हप्त्यांत परत केले, तो नको नको म्हणत असताना. मंगळवारी कन्नड अर्जाची दुसरी प्रत घेऊन पुन्हा ठाण्यात जातोय. दहा दिव्यांच्या डब्याचा फोटो तुम्हालाही आला असेल तर त्याचा नंबर आणि पैसे गेल्याची तारीख मला कळवा, एकाच अर्जाला सगळ्यांची जोड देता येईल.