ऑक्सफर्ड युनियनच्या वादसभा: पाहाव्यात का, पैसे भरावेत का?

शशी थरूर यांचं ऑक्सफर्ड युनियनमधलं २०१५ चं भाषण पाहिलेले कितीतरी मराठी लोक भेटतील. त्या दिवशी त्यांच्या विरोधात कोण बोललं, हे विचारा, बहुतेक जण गप्प होतील. युनियन यूट्यूबवर एकेक भाषण सुटं टाकते, त्याचा हा परिणाम.

१८२३ मध्ये स्थापन झालेली ही वादविवाद संस्था ऑक्सफर्ड विद्यापीठाचा भाग नाही, कारभार मात्र तिथल्या विद्यार्थ्यांचा. सत्र चालू असताना दर गुरुवारी संध्याकाळी वादसभा भरते. सहसा दोन्ही बाजूंना चार-चार वक्ते, आलटूनपालटून. सुरुवातीचे विद्यार्थी वक्ते समोरच्या पाहुण्यांची ओळख करून देता देता टर उडवतात. तेवढी मिनिटं खुशाल पुढे ढकला.

थरूर आठ जणांत सातवे होते. विषय असा: ब्रिटन पूर्वीच्या वसाहतींना नुकसानभरपाई देणं लागतो. खरं तर यात दोन प्रश्न आहेत. अन्याय झाला का, आणि आज कोणी कोणाला किती द्यायचं? थरूर यांनी पहिल्यावर जोर दिला आणि वर्षाला एक पौंड, तेही पुढची दोनशे वर्षं, एवढ्यावर दुसरा मिटवला. वक्ता म्हणून चाल फक्कड, पण अवघड प्रश्न तिथेच राहिला. म्हणून हुजूर पक्षाचे माजी खासदार रिचर्ड ऑटवे यांचं विरोधातलं भाषण आधी ऐका. थरूर नेमकं कशाला उत्तर देतायत आणि काय टाळतायत, ते मग कळतं.

आपल्याकडच्या वादस्पर्धेसारखे परीक्षक, गुण, फिरता करंडक इथे नाही. सभासद बाहेर पडताना अनुकूल किंवा प्रतिकूल दारातून जातात, तेच मत. थरूर यांची बाजू १८५ विरुद्ध ५६ अशी जिंकली. पण आत येताना कोणाचं मत काय होतं, याची नोंद नसते. भाषणांनी किती जण फिरले, हे आकडा सांगत नाही. १९३३ मध्ये राजा आणि देशासाठी कुठल्याही परिस्थितीत लढणार नाही, हा ठराव २७५ विरुद्ध १५३ ने मंजूर झाला. वर्तमानपत्रांनी तो अख्ख्या तरुण पिढीचा कौल ठरवला. काही आठवड्यांनी तो दप्तरातून काढून टाकायचा प्रस्ताव आला, तर ७५० विरुद्ध १३८ असा आपटला. त्यातल्या बऱ्याच जणांचा राग युद्धावर नव्हे, बाहेरून येणाऱ्या दडपणावर होता.

ऑक्सफर्डला शिकायला जाणाऱ्यांसाठी: सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं, फी शेकड्यांत पौंड, पण ते आयुष्यभराचं. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला सवलत असते, ती चुकवू नका. भाषण चालू असताना उभं राहून माहितीचा मुद्दा (पॉइंट ऑफ इन्फर्मेशन) मांडता येतो; वक्त्याने परवानगी दिली तरच. तो एका वाक्यात संपवा. प्रस्तावना सुरू केलीत की वक्ता हाताने खाली बसवतो. मध्येच सभागृहातल्यांनाही थोडक्यात बोलायला मिळतं, आणि खरी किंमत वसूल होते ती तिथे. नुसते नामवंत पाहुणे ऐकायचे असतील, तर ती फी वाचवा.